दम लागतो तेव्हा

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये, मध्य रेल्वेच्या रुळांलगत चिखलोली आहे. जवळच एमआयडीसीचे कारखाने, थोडं आत धरण आणि गेल्या काही वर्षांत शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारती. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या कामात इथे नवं स्थानक मंजूर झालं आणि गावाचं नाव मुंबईपर्यंत पोचलं. या पट्ट्यातल्या नोकरदाराच्या दिवसाचा मोठा भाग लोकल खाते. बदलापूरहून सीएसएमटीला साधारण दीड तास, येऊन-जाऊन तीन. रिक्षा आणि पूल वेगळे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. अंधारात घर सोडून अंधारात परतणाऱ्याला हे आकडे ऐकून हसू आलं तर त्याला दोष देता येणार नाही.

गंमत अशी की हाच माणूस एक व्यायाम अधूनमधून करतोच. गाडीची घोषणा होते, तो पुलाचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढतो, वीस-पंचवीस सेकंद जीव तोडून धावतो, डब्यात शिरून वरची कडी पकडतो आणि मग त्याला धाप लागते. धावत होता तेव्हा श्वासाकडे लक्षही नव्हतं. उभा राहिल्यावर छाती भात्यासारखी हलू लागली, ती अंबरनाथ येईपर्यंत. (चालत्या गाडीत चढण्याचं धाडस हा या लेखाचा विषय नाही. तो व्यायामही नाही.)

थोडा वेळ सर्व ताकदीनिशी धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं, या प्रकाराला आता ‘स्प्रिंट इंटरव्हल’ म्हणतात. शरीर त्याला काय उत्तर देतं, याचा उलगडा या उशिरा येणाऱ्या धापेपासून करता येतो.

स्नायू आखडतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या बळावर. हा रेणू सतत खर्च होतो आणि सतत नव्याने बनतो, पण त्याची शिल्लक फार थोडी असते. पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंद पुरेल इतकीच. त्यानंतर लगेच क्रिएटिन फॉस्फेट कामाला येतं. त्याच्याकडून एटीपी झटपट भरून निघतो, त्याला ऑक्सिजन लागत नाही. मात्र दहा सेकंदांच्या आसपास त्याचाही बराचसा साठा संपतो. तिसरा मार्ग स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा. ऑक्सिजनची वाट न पाहता ते फोडलं जातं आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. तीस सेकंदांच्या एका जोरकस धावेत मांडीच्या स्नायूंमधलं साधारण पाव भाग ग्लायकोजेन खर्च होऊ शकतं. मॅरेथॉन धावणारा हाच साठा तास-दोन तास पुरवून वापरतो, हे लक्षात घेतलं की त्या अर्ध्या मिनिटाची उधळपट्टी कळते.

चौथा मार्ग ऑक्सिजनचा. फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून स्नायूंत आणि तिथे तंतुकणिकांमध्ये अन्नाचं ज्वलन. हा मार्ग काटकसरी आणि दीर्घकाळ चालणारा, पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. जिना संपेपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असतो. तोवरचं सगळं काम उसनवारीवर निघालेलं असतं आणि थांबल्यावर जी धाप लागते ती त्या उसनवारीची फेड. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात याला ‘ऑक्सिजनचं कर्ज’ म्हटलं होतं. पुढे त्यांच्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. धाप लागते ती केवळ लॅक्टेट निस्तरण्यासाठी नव्हे. क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरायचं असतं, रक्तात आणि स्नायूंत ऑक्सिजनची शिल्लक पूर्ववत करायची असते, तापलेलं शरीर आणि उसळलेलं ॲड्रेनलिन निवायचं असतं.

लॅक्टेटची मात्र उगाच बदनामी झाली. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखले’ हे वाक्य अजून प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. खरं तर रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट तासाभरात खाली येतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे सवय नसलेल्या स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं असतं. कॅलिफोर्नियातले जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की लॅक्टेट हा कचरा नसून इंधन आहे. एका स्नायूने सोडलेलं लॅक्टेट हृदय वापरतं, दुसरे स्नायू वापरतात, मेंदूसुद्धा वापरतो.

आता एका धावेऐवजी लागोपाठ अनेक धावा घेतल्या तर? १९९३ साली इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या गैतानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पाहिलं. सहा सेकंद सर्व ताकदीनिशी सायकल मारायची, तीस सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. पहिल्या धावेत ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मा वाटा क्रिएटिन फॉस्फेटचा आणि जवळपास तितकाच ग्लायकोजेन फोडण्याचा होता. दहाव्या धावेत ग्लायकोजेनचा मार्ग जवळजवळ बंद पडला होता. तरीही ताकद पहिल्या धावेच्या सुमारे ७३ टक्के टिकून होती. म्हणजे मधल्या तीस सेकंदांत भरून निघालेलं थोडंबहुत क्रिएटिन फॉस्फेट आणि एव्हाना पूर्ण जागा झालेला ऑक्सिजनचा मार्ग यांनी भार उचलला होता. वेगाचा व्यायाम म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटाकडे दमाचा व्यायाम बनते, ती अशी.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या कुणालाही खो-खो आठवायला हवा. १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांत बसवलं. त्या काळी क्रिएटिन फॉस्फेटचा शोधही लागलेला नव्हता, तो लागला १९२७मध्ये. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनांत बसलेले, नववा धावतोय. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा सोडता येत नाही. वळायचं तर खांब गाठावा लागतो. त्यामुळे तो काही सेकंद धावतो, खो देतो आणि बसतो. उठलेला पुढचा गडी तेच करतो. प्रत्येकाला आलटून पालटून छोटी जोरकस धाव आणि तिच्यापेक्षा लांब विश्रांती. लफबरोच्या प्रयोगशाळेत सायकलवर जे मांडलं गेलं, ते शाळेच्या पटांगणावर पाऊणशे-ऐंशी वर्षं आधीपासून चाललेलं होतं.

त्याच डावात पळणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तीन-तीनच्या तुकडीने आत उतरणाऱ्या खेळाडूला बसायला चौकोन नाही. चांगला पळणारा मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ सलग आत टिकतो. सगळा वेळ पूर्ण वेगात पळाला तर अर्ध्या मिनिटात त्याचे पाय जड होतील. म्हणून तो बसलेल्यांच्या मधून साखळी घालतो, बेताच्या वेगात राहतो, हुलकावणी देतो आणि खरा जोर खांबापाशी सुटण्यासाठी राखून ठेवतो. प्रशिक्षक याला डोकं वापरणं म्हणतात. शरीरशास्त्राच्या भाषेत तो क्रिएटिन फॉस्फेट वाचवत असतो. जानेवारी २०२५मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं आणि पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

कबड्डीत श्वासाचा पेच आणखी तिखट आहे. चढाईला तीस सेकंद, आणि तोवर एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ चालू ठेवायचं. स्नायूंचं काम तेवढा वेळ उसन्या ऊर्जेवर निघतं, तेव्हा चढाई करणाऱ्याला अडवतो तो ऑक्सिजनचा तुटवडा नव्हे. रक्तात वाढत जाणारा कार्बन डायऑक्साइड मेंदूला श्वास घ्यायला भाग पाडत असतो. बोनस टिपायचा, पाय काढायचा, अंगावर आलेली पकड तोडायची आणि ही हाक दाबून धरायची. ज्याला हे जमतं त्याचा दम मोठा.

या खेळांतून खेळाडू घडत होतेच. प्रश्न उरला होता तो न खेळणाऱ्यांचा. इतक्या थोड्या वेळाच्या कष्टाने त्यांच्या शरीरात काही कायमचा बदल होतो का?

धावपटूंच्या जगाला याचं उत्तर आधीपासून अंदाजाने ठाऊक होतं. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर हान्स राइंडेल यांनी जोराची धाव आणि मोजकी विश्रांती अशी पद्धत बसवली. हृदय बळकट होतं ते धावण्यापेक्षा मधल्या विसाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. गेर्शलर यांच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली ८०० मीटरचं अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापलं आणि तो विक्रम १९५५पर्यंत टिकला. १९९६मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांनी वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही पद्धत मूळची बर्फावरच्या स्केटिंगपटूंचे प्रशिक्षक कोइची इरिसावा यांची. नाव मात्र ताबातांचं झालं आणि आज कल्याण-बदलापूरच्या जिममध्येही ‘ताबाता’चा पुकारा ऐकू येतो.

सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या प्रयोगशाळेत झालं. २००५मध्ये त्यांनी आठ तरुणांना दोन आठवड्यांत सहा वेळा बोलावलं. दर वेळी तीस सेकंदांच्या चार ते सात जोरकस फेऱ्या, मध्ये चार-चार मिनिटांची विश्रांती. दोन आठवड्यांतला प्रत्यक्ष जोराचा व्यायाम जेमतेम पंधरा मिनिटांचा. ठरावीक भारावर सायकल मारत राहण्याची त्यांची क्षमता सरासरी २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेली. स्नायूंतल्या तंतुकणिकांचं काम दाखवणारं एक विकर ३८ टक्क्यांनी वाढलं. आठच माणसं, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यायला हवा होता, आणि शास्त्रज्ञांनी तो तसाच घेतला. पण पुढच्या प्रयोगांतूनही दिशा तीच निघाली. २०१६मध्ये त्याच गटाने बैठी कामं करणाऱ्या पुरुषांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाने आठवड्यातून तीनदा पंचेचाळीस मिनिटं मध्यम गतीने सायकल चालवली. दुसऱ्याने तीनदाच, पण दर वेळी एकूण दहा मिनिटं, आणि त्यात वीस सेकंदांचा पूर्ण जोर फक्त तीन वेळा. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली.

हे होतं कसं? एटीपी झपाट्याने खर्च झाला की त्याचे तुटलेले अवशेष पेशीत साठतात. टंचाई ओळखणारं एएमपीके नावाचं एक विकर त्यांनी जागं होतं आणि त्याच्यामार्फत नव्या तंतुकणिका बनवण्याचा आदेश सुटतो. एरवी ही टंचाई तासभर धावून निर्माण होते. जोरकस धावेत ती अर्ध्या मिनिटात येते. पेशीला घड्याळ कळत नाही, तुटवडा कळतो. आदेश सुटला तरी बांधकाम लगेच होत नाही. ते पुढचे काही तास, दिवस चालतं. म्हणूनच हा व्यायाम रोज करायचा नसतो.

दुसरं कारण स्नायूतंतूंचं. चालताना शरीर मुख्यतः संथ, चिवट तंतू वापरतं. वेगवान तंतू राखीव असतात, जोर लागल्याशिवाय त्यांना हाक जात नाही. वय वाढतं तसे हेच वेगवान तंतू आधी बारीक होतात, आणि ठेच लागल्यावर झटकन पाय पुढे टाकून तोल सावरायचा तर तेच लागतात. वर्षानुवर्षं सपाट रस्त्यावर रमतगमत चालणाऱ्याच्या या तंतूंना काम मिळतच नाही.

महाराष्ट्राला या सगळ्यात विशेष रस असायला हवा, त्याचं कारण साखर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त अशा भारतीय शरीराची ओळख जगाला करून दिली. २००४मध्ये त्यांनी आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. स्नायू कमी म्हणजे जेवणानंतरची साखर ठेवायला जागा कमी. जोरकस धाव ही कोठी रिकामी करते, आणि आखडणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढतो. २००९च्या एका ब्रिटिश प्रयोगात तरुण पुरुषांनी दोन आठवड्यांत असा सहा वेळा व्यायाम केला आणि त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुमारे २३ टक्क्यांनी सुधारली. मधुमेहींनी मात्र एक गोष्ट माहीत करून घ्यावी. जोराच्या धावेनंतर लगेच साखर मोजली तर ती वाढलेली दिसू शकते. ॲड्रेनलिनच्या हुकमाने यकृत रक्तात साखर सोडतं. ती वाढ सहसा तात्पुरती असते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी.

गाडी पकडण्याच्या धावेलाही आता शास्त्रात जागा मिळाली आहे. २०२२मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे पंचवीस हजार लोकांचा अभ्यास आला. कोणताही ठरवून केलेला व्यायाम न करणारी ही माणसं होती. मनगटावरच्या यंत्राने त्यांची हालचाल टिपली आणि सुमारे सात वर्षं त्यांचा मागोवा घेतला. जिने भरभर चढणं, ओझं घेऊन झपझप चालणं असे एक-दोन मिनिटांचे जोराचे प्रसंग ज्यांच्या दिवसात तीनेक वेळा येत होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण असे प्रसंग मुळीच नसणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जे मुळात धडधाकट तेच जिने भरभर चढतात, ही शंका त्यातून पूर्ण जात नाही. तरी सरकता जिना सोडून दगडी जिना धरायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

विश्रांती किती घ्यायची, हे कशासाठी धावायचं यावर ठरतं. तीस सेकंदांच्या पूर्ण जोरानंतर दीड मिनिटात क्रिएटिन फॉस्फेट साधारण दोन-तृतीयांश भरतं, पण सहा मिनिटांनीही ते शंभर टक्के होत नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. महिलांना १६००च्या जागी ८०० मीटर. शंभर मीटरच्या तयारीत मध्ये तीन-चार मिनिटं निवांत चालायला हवं, नाहीतर प्रत्येक पुढची धाव आधीपेक्षा हळू होते आणि सराव होतो तो हळू धावण्याचा. सोळाशेसाठी उलट: विसावा आखूड ठेवायचा, म्हणजे ऑक्सिजनच्या मार्गावर ताण येतो. एकाच मैदानावर, एकाच सकाळी या दोन गोष्टी एकमेकींत कालवल्या की दोन्ही बिघडतात.

या व्यायामाच्या नावाने जे विकलं जातं ते सगळं खरं नाही. ‘व्यायाम संपल्यावर दिवसभर चरबी जळत राहते’ हा जिममधला लाडका दावा. धावेनंतर ऑक्सिजनचा वापर काही काळ वाढलेला राहतो हे खरं, पण त्यातून जळणाऱ्या उष्मांकांचा हिशेब एखाद्या वडापावापुढेही टिकत नाही. वजन उतरवायला हा राजमार्ग नव्हे. शिवाय इथे वेळ वाचतो, कष्ट वाचत नाहीत. तीस सेकंदांच्या पूर्ण जोराच्या फेऱ्यांनी मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळांना तो अनुभव पुन्हा नको असतो. प्रयोगशाळेतल्या फेऱ्या तीस सेकंदांवरून वीसवर आल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि धोका. एरवी बसून राहणाऱ्याने अचानक जोर केला तर त्या घटकेला हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ फार कमी असते. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखण्याचा इतिहास असेल, घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलं असेल, तर तपासणी आधी. गार स्नायूंनिशी एकदम धावलं की मांडीच्या मागचा स्नायू फाटतो. गावच्या स्पर्धेत बऱ्याच वर्षांनी मैदानात उतरणाऱ्या चाळिशीतल्या खेळाडूंना हे वेगळं सांगायला नको. सपाटीपेक्षा चढावर धावणं या बाबतीत बरं. वेग कमी राहतो, पाऊल आखूड पडतं, स्नायूवर ओढ कमी येते आणि हृदयाला काम तेवढंच मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे सगळं सूर्य वर येण्याआधी आटपावं. पावसाळ्यात हवा दमट असते, घाम सुकत नाही, शरीर निवत नाही. त्या दिवसांत एक फेरी कमी.

साठीच्या पुढच्यांनी धावायलाच हवं असंही नाही. जपानच्या मात्सुमोतो शहरात शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी ज्येष्ठांना तीन मिनिटं झपझप आणि तीन मिनिटं सावकाश असं आलटून पालटून चालायला लावलं. दर वेळी पाच किंवा अधिक फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद आणि दम वाढला, रक्तदाबही उतरला. एकाच गतीने चालणाऱ्यांना इतका फायदा झाला नाही.

तब्येत धडधाकट असेल आणि वेळच नसेल त्यांनी मॅकमास्टरचाच दहा मिनिटांचा आराखडा थोडा लांबवून घ्यावा. आधी पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग चढावर किंवा जिन्यावर वीस सेकंद जोर, दोन मिनिटं सावकाश चालणं, असं तीन वेळा, आणि शेवटी तीन मिनिटं चालून थांबायचं. आठवड्यातून तीनच दिवस, आणि तेही लागोपाठ नकोत. पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण जोर न लावता पाऊण जोरावर राहावं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हृदयाचे ठोके चुकल्यासारखे वाटले तर लगेच थांबून डॉक्टर गाठावा.